धायरीच्या गच्चीवरचं वेल्डिंग : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गच्चीवरचा लोखंडी बाक आज मोडला. आई बसायला गेली आणि मागचा पाय जोडापाशी तुटून बाक एका अंगाला कलला. तिला लागलं नाही. पाय उलटा करून पाहिला तर जोड वरून चांगला जाड, आत मात्र काहीच धरलेलं नाही. पाइपवर मेण ओघळावं तसा धातू नुसता बसला होता. गंज त्याच फटीतून शिरलेला.

बाबा आकुर्डीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे वेल्डिंग नाही, हे चिकटवलंय."

नवा आणायचा की हाच दुरुस्तीला टाकायचा, यावर जेवताना बोलणं झालं. मी म्हटलं, मी करते. शाळेत पंधरा वर्षं विद्युतधारा शिकवतेय, विद्युत कंस (आर्क, फटीतून सतत उडणारी ठिणगी) म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवतेय, हातात मात्र कधी धरला नाही. बाबा काही बोलले नाहीत, उठून त्यांचा व्हर्निअर, जाडी मोजायचं बारीक माप, घेऊन आले.

मशीन बघायच्या आधी घरातलं लोखंड मोजलं. बाकाचा चौकोनी पाइप २५ बाय २५, जाडी २ मिमी. कठड्याची पट्टी ५ मिमी. फाटकाचा अँगल ५ मिमी. कुंड्यांच्या स्टँडचा पाइप जेमतेम १.२. म्हणजे माझं सगळं काम १.२ ते ५ मिमीच्या आत, आणि त्यातही जास्त २ च्या वरचं. दुकानात जाताना हेच आकडे खिशात असले पाहिजेत.

१९ सप्टेंबर

कालपासून पितृपंधरवडा. अमावास्येपर्यंत नवी वस्तू घरात आणायची नाही, असं आईने स्पष्ट सांगितलं. ठीक आहे. तेवढ्यात घरची वीज तपासून होईल.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचा सगळा दिवस हिशेबात गेला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात २०० अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा रॉडच्या, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या लेप दिलेल्या सळईच्या, टोकाला मिळणाऱ्या धारेचा. भिंतीतल्या सॉकेटमधून किती ओढलं जातं ते वेगळं, आणि घरी करणाऱ्याला अडवतं ते हेच. रॉडच्या वेल्डिंगमध्ये कंसाचा व्होल्टेज काढायला एक प्रमाण सूत्र आहे : २० अधिक धारेच्या ०.०४ पट. २.५ मिमीच्या रॉडला ८० अँपिअर लावले तर २३.२ व्होल्ट, म्हणजे सुमारे १,८५० वॅट. साध्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक, हलक्या) वेल्डिंग मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरोखर वॅट होणारा भाग, ०.७ धरला, तर २३० व्होल्टवर सॉकेटमधून १४ अँपिअरच्या वर जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपतं.

हेच १२० अँपिअरवर केलं तर २३ अँपिअर. पूर्ण २०० वर ४३.

घरच्या सॉकेटवर मला साधारण ९० अँपिअरच्या वर जाताच येणार नाही, हे कागदावर आलं तेव्हा डोकं एकदम स्वच्छ झालं. २५० चं मशीन घेतलं काय नि ४०० चं घेतलं काय, भिंत तेवढंच देणार. मग थोडं मोठं मशीन घ्यायचंच कशाला? तर ड्युटी सायकलसाठी. पाटीवर '२०० अँपिअर, ६० टक्के' लिहिलं असेल तर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं त्या धारेवर चालवायचं आणि चार मिनिटं थंड होऊ द्यायचं. ही मोजणी ४० अंश तापमानाची असते. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर त्याहून कमी नसतं. २०० वाल्या मशीनकडून ८० चं काम घेतलं तर ते विश्रांती न मागता चालतं.

मल्टीमीटरने जिन्याच्या वरच्या टप्प्यावरचा सॉकेट पाहिला. सकाळी दहाला २३६ व्होल्ट, रात्री आठला २१४.

२७ सप्टेंबर

इलेक्ट्रिशियन येऊन गेले. त्या सॉकेटची जुनी वायर अंदाजापेक्षा बारीक निघाली, मध्ये एक जोडही होता. बोर्डापासून थेट ४ स्क्वेअर मिमी तांब्याची नवी वायर ओढून घेतली. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त धारा गेली की आपोआप पडणारा स्विच) होता, पण बी कर्व्हचा, म्हणजे क्षणिक झटक्यालाही लवकर पडणारा. इन्व्हर्टर मशीन चालू करताना आतले कपॅसिटर एकदम भरतात, त्या झटक्याला बी कर्व्ह पडू शकतो, म्हणून तेवढ्याच अँपिअरचा सी कर्व्ह बसवला. "एमसीबी पडत असेल तर ३२ चा टाकून देऊ," असं ते म्हणाले होते. मी नको म्हटलं. सॉकेट १६ चा आहे, एमसीबी ३२ चा लावला तर आधी सॉकेट जळेल आणि मग एमसीबीला कळेल. वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळली की तोडणारा स्विच, बसवून घेतला.

२९ सप्टेंबर, रविवार

बाबांबरोबर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. घ्यायचं काही नव्हतं, पण त्यांना यायचं होतं. तांब्याच्या वाइंडिंगचं एक जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन दिसलं. बाबा त्याच्याशेजारी खाली बसले आणि टर्मिनलवरून हात फिरवत राहिले. असं मशीन पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. पण ते दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालणारं होतं, आणि दोघांना मिळून उचललं नसतं. घरी सिंगल फेज. विषय तिथेच संपला. येताना बाबांनी एक चिपिंग हॅमर, जोडावरची खपली काढायची टोकदार हातोडी, घेतला, लाकडी मुठीचा.

५ ऑक्टोबर, शनिवार

शाळा सुटल्यावर रविवार पेठ, बोहरी आळी. तीन दुकानं झाली.

पहिल्या दुकानात मी तोंड उघडायच्या आत "मिस्टरांना काय काम करायचंय?" असा प्रश्न आला. मी खिशातला कागद काढून आकडे वाचले. मग बोलणं सरळ झालं.

तीन प्रकार पुढ्यात होते. टिग, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने गॅसच्या आवरणात करायचं वेल्डिंग, पहिल्याच पाच मिनिटांत मागे ठेवलं. काम सुंदर होतं, पातळ स्टेनलेसला तोड नाही, पण अरगॉनचं सिलिंडर हवं, दोन्ही हात बसलेले हवेत, आणि माझ्या गंजक्या फाटकाला त्याचा उपयोग नाही.

खरी चुरस वायरचं मशीन आणि रॉडचं मशीन यांच्यात. वायरचं म्हणजे मिग, आपल्याकडे कारागीर त्याला सीओटू म्हणतात. बटण दाबलं की वायर आपोआप पुढे येते, एक हात मोकळा राहतो, पातळ पत्र्याला ते फार समजूतदार आहे. गॅसचं सिलिंडर नको असेल तर पोटात फ्लक्स (जळून वितळलेल्या धातूला हवेपासून झाकणारी भुकटी) भरलेली वायर मिळते. तेव्हा मशीनची ध्रुवता बदलावी लागते : भरीव वायरला गन धन, फ्लक्सच्या वायरला गन ऋण. ज्या मशीनमध्ये हे दोन टोकं अदलाबदल करायची सोयच नाही, त्यात बिनगॅसची वायर घालू नये. दुकानदाराने स्वतः झाकण उघडून दाखवलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

तरीही मी रॉडकडे वळले. कारणं माझ्या घराची आहेत. गच्चीवर सिंहगडाकडून सतत वारा असतो, वितळलेल्या धातूला हवेपासून झाकणारं गॅसचं आवरण तिथे टिकणार नाही. बिनगॅसच्या वायरला वारा चालतो, पण उघडं रीळ पावसाळ्यात गंजतं, आणि मी महिनोन्‌महिने मशीनला हात लावणार नाही असे दिवस येणारच. रॉड मात्र धायरी फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाकिटाने मिळतो. माझं जास्त काम २ मिमीच्या वरचं. ज्याला १.२ चा पाइपच रोज जोडायचा आहे, त्याने बेलाशक वायरचं मशीन घ्यावं. त्याला रॉड घ्यायला सांगणं म्हणजे त्याचा छळ आहे.

मग पाट्या वाचायला लागले. एका मशीनच्या नावात २५० होतं, मागच्या पाटीवर कमाल धारा १६०. दुसऱ्याला पाटीच नव्हती. तिसऱ्याच्या पाटीवर सगळं होतं : धारेची मर्यादा, ड्युटी सायकल, २३० व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के, आणि आय-वन-मॅक्स नि आय-वन-इफ हे दोन आकडे. पहिला म्हणजे सॉकेटमधून जास्तीत जास्त किती ओढेल, दुसरा म्हणजे थांबत-थांबत चालवल्यावर वायरला सरासरी किती सोसावं लागेल. अधिक-उणे १५ म्हणजे खाली १९५ पर्यंत चालतं, माझे रात्रीचे २१४ त्यात बसतात. हे तिसरं मनात धरून घरी आले. पैसे दिले नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा

आणलं. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन, हॉट स्टार्ट (कंस पेटवताना जास्त धारा) आणि अँटीस्टिक (रॉड चिकटला की धारा कमी) असलेलं, वजन साडेपाच किलो. किंमत ७,८००. बाबांचा व्हर्निअर, जुन्या बाजारातला हॅमर आणि मशीन एका पाटावर ठेवून आईने हळद-कुंकू, झेंडू वाहिला.

खोक्यातली केबल ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली ॲल्युमिनियमचा पांढरा रंग निघाला. १६ स्क्वेअर मिमी तांब्याची वेगळी घेतली, १,६००. आपोआप काळं होणारं हेल्मेट १,९००, चामड्याचे हातमोजे ४००, रॉडची दोन पाकिटं ७००, इलेक्ट्रिशियनचे २,९००. बेरीज ७,५००. मशीनला जेवढे लागले जवळजवळ तेवढेच मशीनबाहेर लागतात, हे बजेट ठरवताना मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

गच्ची ओली होती. सुरू केलं नाही. कंस पेटलेला नसताना होल्डरवर, म्हणजे रॉड धरायच्या चिमट्यावर, ६०-७० व्होल्ट उभे असतात, ओल्या हाताला ते पुरेसे आहेत.

१३ ऑक्टोबर, रविवार

गुरुजी आले. म्हणजे माझा जुना विद्यार्थी, औंधच्या आयटीआयला वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स करतोय. भौतिकशास्त्रात तो माझ्याकडे कसाबसा पास झाला होता. आज त्याने होल्डर हातात घेतला आणि ५ मिमीच्या पट्टीवर सरळ रेघ ओढली, एका श्वासात. मी बघत राहिले. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या या मुलाच्या हातात हे सगळं होतं आणि मला तीन वर्षं ते दिसलं नाही.

"बाई, काडेपेटीची काडी ओढता ना, तसा रॉड ओढा. आपटू नका."

पहिले सहा रॉड चिकटले. सातवा पेटला आणि मी इतकी दचकले की लगेच विझला. मग तो म्हणाला, डोळ्यांनी नंतर बघा, आधी कानांनी ऐका. कंस नीट असला की तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. लांबला की तो फुटतो, फोडणीत मोहरी उडावी तसा, आणि थेंबही तसेच उडतात. कंसाची लांबी रॉडच्या जाडीइतकीच ठेवायची. २.५ चा रॉड, तर अडीच मिमी.

रॉडवरचा ६०१३ हा आकडा त्याने मला समजावला. ६० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावर, कसाही चालतो. शेवटचा आकडा लेपाचा. ७०१८ जास्त ताकदीचा, पण तो ओल अजिबात सहन करत नाही, भट्टीत तापवून वापरावा लागतो. घरी ६०१३ च बरा.

रॉड ३५० मिमी लांब. घरातल्या एकाही डब्यात मावेना. तीन इंची पीव्हीसी पाइपाला दोन्हीकडे टोपणं लावून त्यात ठेवले.

२० ऑक्टोबर, रविवार

बाकाचाच पाइप, २ मिमी. ९० वर भोक पडलं. ८० वर कडा वितळून खाली बसल्या. ६५ ते ७० वर जमतंय. स्टँडच्या १.२ च्या पाइपाला २ मिमीचा रॉड, ४५ अँपिअर, होल्डर ऋण टोकाला, आणि सलग न ओढता ठिपक्याठिपक्याने : एक टाका, थांबा, लाली उतरली की दुसरा. तरीही पाचातले दोन फुटतात. स्टँड बाजूला ठेवलं.

दुपारी सरावाचे जोड पकडीत धरून हातोड्याने उलट्या बाजूने पाडले. चार जोडांपैकी तीन मुळापासून उखडले. आत आमच्या मोडक्या बाकासारखीच गुळगुळीत चमक. मी खूप वेळ ते तुकडे हातात घेऊन बसले. ज्याने तो बाक केला त्याला मी महिनाभर मनात नावं ठेवत होते. माझे जोड वरून त्याच्याइतकेच छान दिसत होते.

बाबांनी चौथा तुकडा उचलला. तो वाकला होता, तुटला नव्हता. "असा कर," एवढंच म्हणाले. चौथ्याला मी कडा आधी ग्राइंडरने उतरत्या केल्या होत्या आणि दोन पाइपांत रॉडच्या तारेच्या निम्म्याएवढी फट सोडली होती.

२१ ऑक्टोबर

रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी. काल टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरायचे छोटे टाके, मारताना चार-पाच वेळा हेल्मेट खाली न घेता नुसते डोळे मिटून घेतले होते. पापण्या पुरत नाहीत, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा प्रकाशही पुरेसा असतो. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पडदा भाजतो, पण दुखायला लागतं पाच-सहा तासांनी, म्हणून करताना काहीच कळत नाही. बटाट्याची चकती, गुलाबपाणी असं काहीही न घालता सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. थेंब, मलम, दोन दिवस काळोख. शाळेत रजा.

पडल्या पडल्या शेजारच्या गच्चीचा विचार आला. तिथे दोन लहान मुलं पतंग घेऊन येतात. त्यांच्याकडे हेल्मेट नाही.

२७ ऑक्टोबर

प्लायवूडच्या दोन फळ्या उभ्या करून तिन्ही बाजू बंद केल्या. शेजारच्या वहिनींना जाऊन सांगितलं की रविवारी दहा ते बारा मुलांना इकडे येऊ देऊ नका, आणि का तेही सांगितलं. भिंतीला मातकट रंग मारला. आज वेल्डिंग नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भावाने ओवाळणीत चामड्याचा ॲप्रन घातला. साडीपेक्षा जास्त आनंद झाला, त्याला तसं सांगितलंही.

१० नोव्हेंबर, रविवार

सांगाडा. २५ बाय २५ चा २ मिमी पाइप भवानी पेठेतून किलोवर आणला, सहा मीटरचा एक नग साधारण साडेआठ किलो भरतो. ग्राइंडरने कापला, कडा उतरत्या केल्या, गुण्या लावून चारही कोपरे टॅक केले. काटकोन अचूक होता. मग उत्साहात एक कोपरा पूर्ण भरला, थंड झाल्यावर पाहिलं तर समोरची बाजू ४ मिमी आत ओढलेली.

वितळलेलं लोखंड थिजताना आखडतं आणि जाताना शेजारच्याला घेऊन जातं. टॅक कापून पुन्हा सुरुवात केली. या वेळी समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, एकावर दोन सेंटिमीटर, मग तिरक्या कोपऱ्यावर दोन सेंटिमीटर, मध्ये चहा. शेवटी कर्ण मोजले. फरक १ मिमी. बाबांनी टेप स्वतः धरला होता, त्यामुळे तो आकडा पक्का.

एक्स्टेंशनची वायर १५ मीटर, २.५ स्क्वेअर मिमी, रिळावरून पूर्ण सोडून वापरते. गुंडाळलेली ठेवली की तापते.

१७ नोव्हेंबर

आडव्या आधारासाठी माळ्यावरचा जुना पाण्याचा पाइप घेत होते, बाबांनी हात धरला. तो जस्त लावलेला, जीआय. जस्त ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळतं दीड हजाराच्या आसपास, म्हणजे कंस लागला की जस्ताची वाफ होणारच. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कारखान्यात त्यावर दूध नि गूळ देत, बाबांनीही प्यायलंय. "दूध पोटात जातं, धूर छातीत," ते म्हणाले. पाइप परत माळ्यावर. नवा काळा पाइप आणला.

२४ नोव्हेंबर, रविवार

बाक झाला. मागचे दोन पाय जोडताना सरावाचा एक तुकडा त्याच सेटिंगवर करून आधी हातोड्याने तपासला, मगच खऱ्या पायाला हात लावला. स्लॅग, म्हणजे जोडावरची लेपाची खपली, काढली, तारेच्या ब्रशने घासलं, रेड ऑक्साइड दोन हात, वर हिरवा रंग. बसायला सागाच्या जुन्या पट्ट्या. आधी मी नि भाऊ दोघं एकदम बसलो, उड्या मारल्या. मग आई बसली. तिने नेहमीसारखी लसणाची परडी मांडीवर घेतली आणि सोलायला लागली.

आता गच्चीवर झोपाळा हवा असं तिने सुचवलंय. चौकट मी करीन. पण ज्या कड्यांवर झोपाळा टांगायचा त्या मी जोडणार नाही. फाट्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांना विचारून आले. माझा कोपऱ्याचा तुकडा त्यांनी उन्हात फिरवून पाहिला. "ताई, कड्या मी करतो, तुम्ही शेजारी उभ्या राहा. पुढच्या वेळी तुम्ही करा, मी उभा राहतो."

२ मिमी पाइप, २.५ चा ६०१३, ६८ अँपिअर, होल्डर धन. ५ मिमी पट्टी, तोच रॉड, ८५. रॉड शिल्लक ३१.